जावयाचं पहिलं पान

“पानं वाढलीच आहेत,” तात्या खांडके म्हणाले, आणि त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून मी त्यांच्या न्हाणीघरात जाऊन मांडीत सुई टोचून घेतली.

बाहेर आक्का पहाऱ्याला उभी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं, त्यामुळं माझ्याबद्दल काय सांगायचं आणि काय झाकायचं हे खातं तिच्याकडं होतं. न्हाणीघराकडं कुणी फिरकलं की ती खालच्या आवाजात, पण घाटापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, “दत्तूला जरा पोटाचं आहे. प्रवास झालाय ना.”

साताऱ्याहून वाई म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता. तेवढ्यात ज्याचं पोट बिघडतं त्याला मुलगी द्यावी का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. आक्काचा हिशेब पक्का होता. पोट बिघडलेला नवरामुलगा चालतो, सुई घेणारा चालत नाही.

मला मधुमेह लागला तो कॉलेजात असताना. लागला म्हणजे सरकारी नोकरी लागते तसा, कायमचा. त्या काळी पिचकारी काचेची असायची. ती उकळून घ्यायची, सुईला मधूनमधून दगडावर धार लावायची. घरात फ्रिज नव्हता, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत असायची. रोज सकाळी परीक्षानळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब घालून ते स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर चालेल. विटकरी झाला की आक्का दिवसभर अबोला धरायची, जणू रंग मी मुद्दाम बदलला. आळीत तिनं सांगून ठेवलं होतं की आमचा दत्तू रसायनांचा अभ्यास करतो. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “माळवदे, सुई घेतली की अर्ध्या तासात घास पोटात गेला पाहिजे. साखर चढली तर शरीर हळूहळू तक्रार करतं. उतरली तर लगेच करतं, आणि चारचौघांत करतं.” म्हणून माझ्या खिशात कायम खडीसाखर असायची. हापिसात मला ‘मुंगळे’ म्हणत.

त्या दिवशी मात्र खिसा रिकामा होता. रिकामा म्हणजे शिवलेला होता. आम्ही शिंपी. साखरपुड्याचा कोट आक्कानं स्वतः बेतून शिवला होता, आणि तो अंगावर नीट बसावा म्हणून खिशांना कच्चे टाके घालून ठेवले होते.

“आक्का, खडीसाखर कुठं ठेवू?”

“कोटात नाही. खिसा फुगतो. लोक म्हणतील माळवद्यांना खिसा बसवता येत नाही.”

“आणि मला काही झालं तर?”

“जेवायलाच तर चाललोय आपण! तिथं काय उपाशी ठेवणारेत?”

मी न्हाणीघरातून बाहेर आलो आणि पंगतीकडं गेलो. खांडक्यांचं घर दुकानामागं होतं. दुकानातली शिवणयंत्रं भिंतीला सरकवून तिथंच पाट मांडले होते, केळीची पानं मांडली होती, रांगोळी होती, उदबत्त्या होत्या. आणि पानावर, वरच्या कडेला, मीठ होतं. मिठाशेजारी लिंबाची फोड. बाकी पान हिरवंगार.

आता तात्या खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. आपल्याकडं पान वाढायला सुरुवात मिठापासूनच होते. पण तात्याही शिंपी, वाईतले नामांकित. आणि मी शिंप्याच्या घरात जन्मलो होतो. गिऱ्हाइकाला ‘झालंच आहे, काजंबटणं तेवढी राहिलीत’ असं सांगतात तेव्हा कापडाला अजून कात्री लागलेली नसते, हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. तरी मी सुई घेतली. भूक लागलेला माणूस आपल्या जातीच्या गोष्टी विसरतो.

“बसायचं का मग, तात्या?” मी विचारलं.

“बसू की. गजाननराव आले की बसलोच.”

“कोण गजाननराव?”

“आमचे थोरले जावई. सुमतीचे यजमान. आमच्यात रीत आहे, पहिलं पान जावयाचं. जावई पाटावर बसल्याशिवाय घरातलं कुणी घास घेत नाही, देवाला नैवेद्यसुद्धा दाखवत नाही.”

“कुठं गेलेत ते?”

“इथंच. गणपतीला जाऊन येतो म्हणाले. येतीलच.”

हा आणखी एक ‘च’ ऐकला आणि मी घड्याळाकडं बघितलं.

खरं सांगायचं तर मी सकाळपासूनच अस्वस्थ होतो, आणि त्याचं कारण जेवण नव्हतं. ठरलं होतं असं की आधी जेवणं, मग मुहूर्तावर साखरपुडा. आक्कानं केलेला पुडा चौरंगावर उभा होता, हातभर उंच शंकू, वर सोनेरी जरीचा गोटा, मोती, टिकल्या, आत साखर. तो एकदा तात्यांच्या धाकट्या लेकीच्या, हेमलताच्या ओटीत गेला की शब्द दिल्यासारखा. त्याआधी मला तिला माझा आजार सांगायचा होता. आक्कानं माझ्याकडून शपथ घेतली होती की अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी शपथ घेतली, आणि ती मोडायची असं मनात ठरवून टाकलं. आयुष्यभर जिला माझी सुई उकळावी लागणार तिला ते ओटी भरल्यावर कळावं, हे मला पटत नव्हतं.

हेमलताला मी एकदाच बघितलं होतं. पोहे झाले, मोठ्यांनी मला विचारायचं ते विचारून झालं, आणि तात्या कौतुकानं म्हणाले, “तुलाही काही विचारायचं असेल तर विचार गं.” अशा वेळी मुलीनं मान खाली घालून ‘काही नाही’ म्हणायचं असतं. तिनं मान वर केली.

“तुम्ही पिता का?”

मी म्हणालो, “पितो. चहा. बिनसाखरेचा.”

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बशा उचलून आत गेली. तो प्रश्न असा का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता ती आत स्वयंपाकघरात होती, आणि मला तिथं जायची सोय नव्हती. मी दोनदा पाण्याच्या निमित्तानं दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तात्यांनी “अहो, तुम्ही कशाला!” म्हणत मला पुन्हा दुकानात आणून बसवलं. मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो, रस्ता बघितला. रस्त्यावर एक म्हैस होती. जावई नव्हता.

मग मी जेवणाची वेगळी वाट शोधायला लागलो.

“तात्या, एक घोटभर चहा मिळेल? साखर घालून.”

“आत्ता चहा? भूक मरेल ना! पुरणपोळ्या आहेत!”

“गूळपाणी?”

“छे! अहो पानं वाढलीच आहेत!”

“एखादं केळं…”

तात्यांनी चौरंगाकडं बघितलं. तिथं ओटीची फळं मांडली होती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. जावई होऊ घातलेल्या माणसानं ओटीचं केळं मागावं, हे त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ते हसले आणि मी विनोद केला असं त्यांनी ठरवून टाकलं. आम्ही साताऱ्याहून आणलेले पेढे आल्याआल्या देवघरात गेले होते आणि नैवेद्याची वाट बघत होते. त्या घरात देवही गजाननरावांसाठी खोळंबले होते.

साखर उतरते तेव्हा काय होतं, हे ज्याची उतरत नाही त्याला सांगणं अवघड आहे. आधी मानेवर घाम येतो. मग बोटं आपली नसल्यासारखी हलतात. मग राग येतो. आणि तो राग अगदी खरा वाटतो, ही त्यातली गंमत. आपल्याला वाटतं की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आपल्याला जग स्वच्छ दिसतंय.

मी उठून उभा राहिलो.

“तात्या, वाढलीत म्हणजे कुठं वाढलीत?”

“काय म्हणालात?”

“पानं! दाखवा मला! हे मीठ! मीठ म्हणजे जेवण? तुम्ही कोटाला एक बटण लावून गिऱ्हाइकाला म्हणता का, घाला आणि जा?”

आक्का घाईनं पुढं आली. “दत्तू, बस खाली.”

“मी नाही बसणार. बसून काय चाटू? मीठ?”

बोलताबोलता मी एक पाऊल टाकलं ते पाटावर पडलं. पाट सरकला, मी तोल सावरायला शिवणयंत्राला धरलं, यंत्राचं चाक फिरलं आणि मीही त्याच्याबरोबर अर्धा फिरलो. तांब्या कलंडला. रांगोळीतला मोर वाहून गेला. जीभ जड झाली होती, आणि पुढं मी जे काही बोललो ते माझं मलाच कळलं नाही.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घामानं भिजलेला, डोळे तारवटलेला, झोकांड्या खाणारा, थोरामोठ्यांना बोलणारा नवरामुलगा. त्यांनी जे ओळखायचं ते ओळखलं.

तात्यांनी आक्काला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून हातभर.

“घेऊन आलेत वाटतं.”

“अं?”

“असू द्या, असू द्या. मुलगा आहे, आजचा दिवस, थोडी भीती असते. आमचे गजाननरावही घेतात. वाईट माणूस नव्हे. संसाराला लागला की कमी होतं.”

मी आक्काकडं बघितलं. एवढ्या धुक्यातूनही मला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर चाललेली वजाबाकी दिसत होती. दारुड्याला मुलगी मिळते. आजाऱ्याला मिळत नाही.

“हो,” आक्का म्हणाली. “मित्रांनी पाजली हो. एरवी थेंबाला शिवत नाही.”

“लिंबू चोखवा,” तात्या म्हणाले. “आंबट पोटात गेलं की उतरते.”

आणि त्यांनी प्रेमानं, स्वतःच्या हातानं, पानावरची लिंबाची फोड माझ्या तोंडात कोंबली. गोडाच्या एका दाण्यासाठी माझा जीव चालला होता, आणि माझे होणारे सासरे मला आंबट पाजत होते. मी थुंकलो. ते म्हणाले, “चढलीय चांगलीच. दुसरी फोड द्या.”

दुसरी फोड यायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात हेमलता आली. हाताला पोळीचं पीठ, केसांत अर्धाच माळलेला गजरा. तात्या म्हणाले, “तू आत हो.” ती आत झाली नाही. सरळ माझ्यापुढं आली. तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, आता ही मारणार.

“तोंड उघडा.”

“हेमे!” तात्या ओरडले.

“उघडा म्हणते ना!”

मी तोंड उघडलं. सगळ्या गोतावळ्यासमोर तिनं वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि तिथं गोंधळ होता.

“लिंबाचा वास येतोय नुसता,” ती म्हणाली. “हे प्यायलेले नाहीत.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” तात्या म्हणाले.

“मला कळतं,” ती म्हणाली. “ताईकडं राहून आलेय मी दोन पावसाळे.”

तात्यांनी कलंडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला.

“काय होतंय तुम्हाला?” तिनं मला विचारलं.

हेच मला सकाळपासून तिला सांगायचं होतं. कसं सांगायचं याची वाक्यं मी एसटीत जुळवली होती, चांगली घोळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“मधुमेह,” मी म्हणालो. “सुई घेतो. रोज. जन्मभर. आज घेतली आणि जेवण नाही. साखर द्या, नाहीतर मी पडतो.”

मागं आक्कानं कपाळाला हात लावल्याचा आवाज आला.

“किती?”

तिनं ‘अरे देवा’ म्हटलं नाही. ‘कधीपासून’ विचारलं नाही. किती, एवढंच विचारलं.

“मूठभर.”

तिनं इकडंतिकडं बघितलं. चौरंगाशी गेली, साखरपुडा उचलला. आक्काच्या तोंडून “अगं, गोटा!” एवढंच निघालं. हेमलता शिंप्याची लेक. तिनं पुड्याचा दोरा कात्रीची वाट न बघता दातांनी तोडला, कागद टरकावला, माझी हनुवटी धरली आणि साखर माझ्या तोंडात ओतली. थोडी तोंडात गेली, थोडी कॉलरमध्ये. आक्काचे मोती पाटाखाली घरंगळत गेले.

मी भिंतीला टेकून साखर चघळत बसलो. हळूहळू म्हैस पुन्हा म्हैस दिसायला लागली आणि तात्या तात्या. सगळे उभे होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझ्या मांडीवर फाटका सोनेरी कागद होता, आणि मुहूर्ताला अजून अवकाश होता.

“हे तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं,” तात्या आक्काला म्हणाले. आवाजात धार होती. “मुलगी द्यायची म्हणजे… आजाराचं लपवायचं?”

“लपवलं कुठं? विचारलं नाहीत तुम्ही.” आक्का कोपऱ्यात सापडली की पुढं येते. “आणि गजाननराव गणपतीलाच गेलेत का हो, तात्या?”

“त्यांचं वेगळं. ते जावई आहेत.”

“मला सांगायचं होतं,” मी हेमलताला म्हणालो. “पुडा द्यायच्या आधी. तुम्ही भेटतच नव्हता. आता सांगतो. हे बरं होणारं नाही. दिवसातून दोनदा सुई, ती उकळायची. वेळेवर जेवण. आणि आज झालं तसं कधीही होऊ शकतं, बाजारात, लग्नकार्यात, कुठंही. विचार करून सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. साखरेचे आभार.”

तिनं पायानं एक मोती बाजूला सारला.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी मोठ्यानं गात आलं आणि दारात गजाननराव उभे राहिले. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, एक हात चौकटीला. ते आत यायच्या आधी त्यांचा वास आत आला. वास असा होता की उदबत्त्यांनी माघार घेतली.

आणि मग मी जे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. घर हललं. तात्या लगबगीनं पुढं झाले, “या, या! वाटच बघत होतो! पानं वाढलीच आहेत!” कुणी पाय धुवायला पाणी आणलं, कुणी त्यांच्या दंडाला धरलं, कुणी तक्क्या सरकवला. स्वयंपाकघराच्या दारात सुमतीताई आली होती, पोळीचं तबक घेऊन. नवऱ्याला बघितल्यावर तिनं काही केलं नाही. फक्त तबक डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातावरचा पदर मनगटापर्यंत खाली ओढला.

हेमलतानं ते बघितलं. तिनं बघितलं ते मी बघितलं.

गजाननराव पहिल्या पाटाकडं निघाले. तो पाट चांदीच्या फुलांचा, पंगतीच्या शेंड्याला, रांगोळी दुप्पट. हेमलता मध्ये उभी राहिली.

“भावजी, तुम्ही तिकडं बसा.”

“अं? हा माझा पाट.”

“तिकडं,” तिनं दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. मग तिनं ताईच्या हातातलं तबक घेतलं, वरची पोळी उचलली आणि चांदीच्या फुलांच्या पाटासमोरच्या पानावर, त्या मिठाच्या चिमटीशेजारी, वाढली. त्यावर तूप सोडलं. आणि माझ्याकडं वळली.

“उठता येतंय का तुम्हाला?”

“येतंय.”

“मग बसा. तुमचं जेवण लांबलंय.”

“हेमे,” तात्या म्हणाले, “ते पान जावयाचं आहे.”

“ठाऊक आहे मला,” हेमलता म्हणाली. “म्हणूनच वाढलं.”

गजाननराव तेवढ्यात कोपऱ्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून झोपी गेले होते, त्यामुळं त्यांच्याकडून हरकत आली नाही. देवाला नैवेद्य नंतर दाखवला. देवानंही हरकत घेतली नाही. आक्कानं फाटका पुडा रंगीत दोऱ्यानं, मशीनवर, तासाभरात पुन्हा शिवून काढला. मुहूर्ताला तो हेमलताच्या ओटीत गेला तेव्हा निम्माच भरलेला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. काचेच्या पिचकाऱ्या गेल्या, माठ गेला, आक्का गेली. सुमतीताई आमच्या लग्नानंतर वर्षभरात आमच्याकडं राहायला आली ती राहिलीच. जरीच्या गोट्याची कामं ती अजून करते, डोळ्यांना दिसतं तेवढी. माझा आजार आहे तसा आहे. माझ्याकडं त्याचं बरं चाललेलं दिसतं.

परवा एका मुंजीला गेलो होतो. यजमान हात जोडून आले, “चला, माळवदेकाका, पानं वाढलीच आहेत.”

माझा हात खिशातल्या सुईकडं गेला. मग थांबला. मी हेमलताकडं बघितलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, भटारखान्याकडं गेली, आत डोकावली. इतक्या माणसांतून तिनं मला शोधलं आणि लांबूनच मान हलवली.

“थांबा,” जवळ येऊन ती म्हणाली. “मीठच वाढलंय.”